मानांकन बदलताना शाळेनं काय सोबत न्यावं

(सांगलीत मुख्याध्यापक व संस्थाचालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सांगली-साताऱ्याच्या शाळांमधून आलेले मुख्याध्यापक, संस्थांचे पदाधिकारी आणि मागच्या रांगेत बसलेले कंत्राटदार मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय तो जरा जड आहे: 'शालेय इमारतींच्या हरित मानांकन पद्धतींमधील स्थित्यंतर'. साध्या भाषेत प्रश्न असा. तुमच्या संस्थेनं नवी इमारत काढली, हरित मानांकनाच्या, म्हणजे इमारत पर्यावरणाला किती जपते याचे गुण देण्याच्या, एका पद्धतीत नोंदणी केली, फी भरली. पुढे देणगीदार बदलला, नाहीतर आर्किटेक्ट बदलला, नाहीतर त्या पद्धतीची नवी आवृत्ती निघाली. मग कुणीतरी म्हणालं, 'सर, आपण दुसऱ्यात जाऊ.' जावं का? आणि गेलं तर आजवर केलेल्यातलं काय बुडतं, काय राहतं?

माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पाचची एसटी गाठायची आहे त्यांची सोय होईल. (हशा) गुण सोबत नेता येत नाहीत, नोंदी नेता येतात. मुलगा एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात गेला, तर जुने मार्क नव्या प्रगतिपुस्तकात चढत नाहीत. पण त्याला त्रैराशिक येत असेल तर ते दोन्हीकडे येतंच.

आता या पद्धती कोणत्या? मुळातली अमेरिकेची 'लीड'. शाळांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती २००७ मध्ये आली. आपल्याकडे भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली २००१ मध्ये हैदराबादला इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल सुरू झाली, आयजीबीसी म्हणतात ती. तिथल्या सोहराबजी गोदरेज केंद्राला २००३ मध्ये लीडचं प्लॅटिनम, म्हणजे सर्वांत वरचं मानांकन, मिळालं. बरीच वर्षं 'लीड इंडिया'सुद्धा आयजीबीसीच चालवायची. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आयजीबीसीच्या आता स्वतःच्या पद्धती आहेत, त्यात शाळांसाठीही एक आहे. तिसरी 'गृह'. टेरी ही दिल्लीची ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती उभी केली आणि २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात चालू शाळांसाठी वेगळी पद्धत आहे, आणि अडीच हजार चौरस मीटरच्या आतल्या बांधकामांसाठी 'स्वगृह' नावाची आटोपशीर पद्धत आहे, १४ निकष आणि ५० गुणांची. आपल्या बहुतेक तालुक्याच्या शाळा या शेवटच्या मापात बसतात. तरी संस्थेच्या बैठकीत चर्चा होते ती प्लॅटिनमचीच!

अमेरिकेतही हा घोळ आहेच. कॅलिफोर्नियात खास शाळांसाठी सीएचपीएस नावाची चौकट तयार झाली, मग इतर काही राज्यांनी तिची आपापली रूपं केली. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी मदतीनं शाळा बांधताना लीड किंवा सीएचपीएस यांतलं एक निवडायची मुभा होती. म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवून तुलना करायची पाळी तिथल्या मुख्याध्यापकांवरही आलीच.

पद्धत तीच, नुसती आवृत्ती बदलली तर काय होतं ते बघा. 'गृह'च्या तिसऱ्या आवृत्तीत ५० ते ६० गुणांना एक तारा होता. २०१५ च्या आवृत्तीत तारे २५ पासूनच सुरू होतात, आणि ५६ ते ७० ला तीन तारे मिळतात. म्हणजे ६० गुण एकीकडे एक तारा, दुसरीकडे तीन तारे. मधल्या काळात निकषही बदलले, त्यामुळे दोन्हीकडचे ६० हे एकच ६० नाहीत. कुणी तुम्हाला म्हणालं, 'शेजारच्या संस्थेला तीन तारे आहेत, आपल्याला एकच', तर आधी विचारायचं, कुठल्या आवृत्तीतले?

लीडमध्ये तर भूगोलच बदलतो. २००९ च्या आवृत्तीत स्थानिक साहित्याला गुण होते, आणि स्थानिक म्हणजे ५०० मैल, सुमारे ८०० किलोमीटर. सांगलीभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर मुंबई आत, हैदराबाद आत, बेंगळुरू आत, चेन्नईसुद्धा आत! चौथ्या आवृत्तीत हे वर्तुळ १०० मैलांवर, १६० किलोमीटरवर आलं. आता कोल्हापूर, सातारा, कऱ्हाड आत राहतात, पण पुणं बाहेर जातं. पुण्याहून आणलेली फरशी जुन्या फाईलमध्ये स्थानिक होती, नव्या फाईलमध्ये ती परगावची झाली. पण पावती एकच असते. त्या पावतीवर माल नुसता कुठल्या दुकानातून आला एवढंच नाही, तर कुठल्या कारखान्यात तयार झाला आणि कच्चा माल कुठून उचलला हे लिहून घेतलं असेल, तर कुठलंही वर्तुळ काढून उत्तर देता येतं. नुसतं 'स्थानिक: होय' असं लिहिलं असेल तर संपलं.

आता सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा, पूर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

लीडच्या २००९ च्या आवृत्तीत जागेच्या निवडीचा एक निकष असा होता की, आधी बांधकाम नसलेली जमीन घेत असाल तर ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपेक्षा किमान पाच फूट उंच हवी. चौथ्या आवृत्तीत भाषा बदलली. कायद्यानं मान्य झालेल्या नकाशात जे पूरक्षेत्र दाखवलंय, त्याच्या आत बांधू नका, एवढंच. आपल्याकडे असा नकाशा म्हणजे जलसंपदा खात्याची निळी रेषा आणि लाल रेषा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. समजा तुमचा प्लॉट लाल रेषेच्या तीन फूट वर आहे. जुन्या आवृत्तीत तो नापास, नवीत पास. जमीन एक इंचभरही हलली नाही!

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ आणि २०२१ चे पूरही आपण पाहिलेत. त्या पाण्याला मानांकनाची आवृत्ती ठाऊक नव्हती. म्हणून पूरपट्ट्यातल्या शाळांना माझा आग्रह आहे की, पुराची खूण भिंतीवर कायम ठेवा. रंगकाम करताना ती पुसली जाते, अनेक ठिकाणी पुसली गेली आहे. तारखेसह पाटी लावा, आणि सर्व्हेअरकडून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्या. उद्या कुठल्याही पद्धतीत गेलात तरी हा आकडा तुमच्या कामी येईल. आणि हो, विजेचं पॅनल, मोटारीचा स्टार्टर आणि संगणक कक्ष त्या खुणेच्या वर न्या. त्यासाठी कुणी गुण देवो न देवो.

विजेकडे येऊ. एका वर्गात चार पंखे, प्रत्येकी साधारण ७५ वॅटचे. तिथे ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, पंखे बसवले, तर वर्गाला १८० वॅट वाचले. रोज सहा तास पंखे चालले, आणि शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला सांगितलेले २२० दिवस धरले, तर वर्षाला एका वर्गामागे जवळपास २३८ युनिट. वीस वर्गांची शाळा असेल तर पावणेपाच हजार युनिटच्या आसपास. आता हीच बचत लीडमध्ये कशी मांडतात? कागदावर एक काल्पनिक इमारत उभी करतात, अमेरिकन मानकाप्रमाणे, आणि तिच्यापेक्षा तुमची किती टक्के चांगली ते काढतात. 'गृह'मध्ये वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागतात, हा आकडा मध्यवर्ती आहे. दोन्ही हिशेबांना आपापली कारणं आहेत. वातानुकूलित इमारतीसाठी पहिला ठीक आहे. पण खिडक्या उघड्या टाकून पंख्यावर चालणारी आपली शाळा आधीच इतकी कमी वीज खाते की, टक्केवारीच्या खेळात तिचा चांगुलपणा दिसतच नाही. म्हणून एसी नसलेल्या शाळेला मी 'गृह'ची रीत सुचवतो. हे माझं मत झालं. सल्लागार मंडळींपैकी काहींना ते पटत नाही.

आवाजाचंही असंच. लीडच्या शाळांच्या आवृत्तीत ध्वनी ही पूर्वअट आहे. ती पाळली नाही तर बाकीचे गुण मोजतच नाहीत. चौथ्या आवृत्तीत वातानुकूलन यंत्रणेच्या आवाजाला ४० डेसिबलची मर्यादा आहे. शिराळ्याच्या बाजूला पत्र्याच्या वर्गावर जुलैचा पाऊस पडायला लागला की बाईंचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. तिथे वातानुकूलनाच्या आवाजाची अट वाचून हसू येतं. पण अट चुकीची नाही. वर्गात ऐकू आलं पाहिजे हा तिचा गाभा आहे आणि तो पत्र्याखाली जास्तच लागू होतो. दुसऱ्या पद्धतीत जाताना ही पूर्वअट सुटली, तरी छताखालचं अस्तर रद्द करू नका.

आता सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट: बांधकाम चालू असतानाचे पुरावे. खोदाईआधी वरची सुपीक माती बाजूला काढून ढीग केला होता का, झाडांभोवती कुंपण होतं का, राडारोडा कुठे गेला, किती ट्रॉल्या. हे सगळं नंतर उभं करता येत नाही. वीजबिल महावितरणकडून पुन्हा मिळेल, पण जोत्याखाली गेलेल्या मातीचा फोटो कुठून आणणार? प्रत्येक पद्धतीचा तक्ता वेगळा असतो आणि सल्लागार फोटो त्या तक्त्यात चिकटवून, छोटे करून, तारीख कापून पाठवतो. पद्धत बदलली की नवा तपासणारा मूळ फोटो मागतो. एका शाळेत असंच झालं. सल्लागार गेला, त्याच्याबरोबर लॅपटॉप गेला, आणि संस्थेकडे उरली स्पायरल बाइंडिंगची एक प्रत. म्हणून फोटो, वजनकाट्याच्या पावत्या, सिमेंटच्या गोण्यांवरचा प्रकार, सगळं मूळ स्वरूपात शाळेच्या कपाटात आणि शाळेच्या संगणकावर हवं. सल्लागाराला त्याची प्रत द्यायची.

पावसाचं पाणी थोडक्यात. आटपाडी, जत, माण, खटावच्या भागात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाचशे चौरस मीटरचं छत असेल आणि गळती-उडती धरून ऐंशी टक्के पाणी हाती आलं, तर दोन लाख लिटर. महाबळेश्वरात तेच छत त्याच्या दहापट पाणी देतं, पण तिथे प्रश्न साठवण्याचा कमी आणि काढून देण्याचा जास्त. मानांकनाच्या पुस्तकात दोन्ही गावांना एकच निकष असतो. तेव्हा शाळेत एक पर्जन्यमापक ठेवा. आठवीच्या मुलांना रोजची नोंद करायला सांगा, आणि शेजारच्या रकान्यात टाकीची पातळी आणि पाण्याच्या मीटरचं वाचन.

हे मुलांचं काम मी गंमत म्हणून सांगत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा ग्रीन स्कूल्स कार्यक्रम याच पायावर उभा आहे. हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा, या सहा गोष्टींचं लेखापरीक्षण तिथे विद्यार्थीच करतात. आणि साताऱ्याच्या माणसांना तर हे सांगायलाच नको. १९२४ मध्ये रयत शिक्षण संस्था साताऱ्यात आली, तेव्हापासून कर्मवीरांच्या वसतिगृहात मुलांच्या हाताला काम होतं. तिथे मीटर वाचणं हे फारच हलकं काम ठरलं असतं.

सरकारी शाळांच्या गुरुजींना वाटत असेल, हे सगळं पैसेवाल्या संस्थांचं. तसं नाही. स्वच्छ विद्यालय पुरस्काराचे अर्ज तुम्ही भरलेत. आता त्या जागी स्वच्छ एवं हरित विद्यालय मानांकन आलंय. पाणी, शौचालय, साबणानं हात धुणं, देखभाल हे जुने विषय आहेतच, त्यांच्या जोडीला मिशन लाइफचे, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या राहणीच्या केंद्राच्या मोहिमेचे, उपक्रम आलेत. हेही स्थित्यंतरच आहे. ज्यांच्याकडे हँडवॉश स्टेशनच्या नळांची आणि शौचालय सफाईची रोजची वही होती, त्यांनी नवा अर्ज दुपारच्या सुट्टीत भरला. बाकीचे शनिवारी रात्री उशिरापर्यंत बसले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नवी आवृत्ती आली म्हणून घाबरून उडी मारू नका. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत नवी नोंदणी ३१ ऑक्टोबर २०१६ ला बंद झाली, पण आधी नोंदलेल्यांना काम पूर्ण करायला ३० जून २०२१ पर्यंत मुदत होती. तेवढ्या काळात आपल्याकडची शाळा बांधून, वास्तुशांत करून, एक बॅच दहावी होते. तेव्हा आधी मुदत बघा. बांधकाम जोत्याच्या वर गेलं असेल आणि मुदत शिल्लक असेल, तर आहे तिथेच काम पुरं करणं बहुधा स्वस्त पडतं. जोत्याच्या आत असाल, आणि नवी पद्धत तुमच्या हवेला आणि खिशाला जास्त जुळत असेल, तर खुशाल बदला. पण 'देणगीदाराला दुसरी पाटी आवडते' एवढ्याच कारणासाठी बदलणार असाल, तर जादा फी देणगीदारालाच भरायला सांगा. निम्मे तिथेच थांबतात. (हशा)

शेवटी एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देतो. विचारलंय, 'आमची आयजीबीसीत नोंदणी आहे, पाया झालाय, नवे आर्किटेक्ट गृहमध्ये जाऊ म्हणतात. आज संध्याकाळी नेमकं काय करावं?' सर, आज संध्याकाळी नोंदणी रद्द करू नका. आर्किटेक्टकडून दोन रकान्यांचा कागद घ्या: गृहचा प्रत्येक निकष, आणि त्यासाठी आपल्याकडे आज असलेला पुरावा. ज्या ओळीसमोरचा दुसरा रकाना रिकामा आहे आणि काम पायाखाली गेलंय, तिथले गुण शून्य धरा आणि मग बेरीज करा. 'होऊन जाईल' या शब्दाला गुण नाहीत. बेरीज मनासारखी आली तरी आधी पायाच्या कामाचे मूळ फोटो आणि पावत्या कंत्राटदाराकडून ताब्यात घ्या. आणि त्याचं पायाचं बिल त्यानंतर काढा.