डिसेंबर कुणाचा?

(पुण्यात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘हिवाळ्यातल्या सुट्ट्या, करमणूक आणि सामाजिक न्याय’. यातला न्यायाचा भाग अगदी व्यवहाराचा आहे. दुकानात, मॉलमध्ये, हॉटेलात काम करणाऱ्या माणसांना कायद्यानं चार सुट्ट्या मालकाबरोबर बसून ठरवता येतात आणि त्या ठरवायची वेळ आत्ता, याच महिन्यात असते. तिथपर्यंत मला आज पोचायचं आहे. पण सुट्टी आपल्याकडे आली कुठून, ते कळल्याशिवाय त्या चार दिवसांची किंमत कळणार नाही.

नाताळच्या आठवड्यापासून सुरू करू. इंग्रजी राज्यात त्या आठवड्यात कोर्टं आणि कचेऱ्या बंद असत. वकील, कारकून, मास्तर एकाच वेळी मोकळे. म्हणून या देशाचं सार्वजनिक राजकारण डिसेंबरअखेरीला भरायला लागलं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात आपल्या पुण्यातच व्हायचं होतं. गावात कॉलरा पसरला म्हणून ते मुंबईला हललं आणि २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. पुढं १८८७ पासून काँग्रेसच्या पाठोपाठ, त्याच मांडवात, रानड्यांची सामाजिक परिषद भरू लागली. विधवांचे प्रश्न, बालविवाह, जातीची बंधनं, हे सगळं तिथं बोललं जाई. यात सोय मोठी होती. माणसं आलेलीच असत, मांडव घातलेला असे, आणखी दोन दिवस थांबलं की झालं.

१८९५ साली अधिवेशन पुण्यात आलं आणि मांडवावरूनच भांडण पेटलं. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात होऊ द्यायची नाही, असा टिळकपक्षाचा आग्रह. मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी रानड्यांनी माघार घेतली आणि परिषद दुसऱ्या मांडवात घेतली. आपण हा प्रसंग टिळक-रानडे वाद म्हणून वाचतो. मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: सुट्टी तीच, गाव तेच, माणसंही बरीचशी तीच, पण समाजातल्या अन्यायावर बोलायला त्या मोकळ्या आठवड्यात जागा मिळेना. रिकामा वेळ कुणाच्या कामी यायचा, हे तेव्हाही झगडूनच ठरत होतं. महाडची दुसरी परिषदही नाताळातच भरली, २५ डिसेंबर १९२७ ला. तिथं तर परिषदेला मैदानही मिळत नव्हतं. एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली तेव्हा मांडव उभा राहिला आणि त्या संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं.

आता या सगळ्यात गिरणीतला माणूस कुठं होता? तो सुट्टीवर नव्हताच. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नारायण मेघाजी लोखंडे हे नाव पुण्यात जितक्यांदा घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेलं ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक बंद पडलं, ते लोखंड्यांनी मुंबईत १८८० पासून पुन्हा चालवलं. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढं ठेवलं. त्यातल्या मागण्या फार नेमक्या होत्या. आठवड्यातून रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत.

‘पूर्ण’ सुट्टी का मागितली? कारण गिरणी रविवारी बंद असली तरी यंत्रं पुसायला कामगाराला बोलावत. कापसाचं तूस दात्यांत, पट्ट्यांखाली, तेलात चिकटून बसतं. ते काढलं नाही तर धागा तुटतो, बेअरिंग तापतं, आग लागायची भीती राहते. काम खरंच गरजेचं होतं, पण ते कामगाराच्या सुट्टीतून उरकलं जाई. दुपारपर्यंत साफसफाई केली की उरलेल्या दिवसाला सुट्टी म्हणायचं. आज दुकानात ‘सुट्टीच्या दिवशी फक्त दोन तास स्टॉक मोजायला ये’ म्हणतात, ते याच जातीचं आहे.

२४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या, हे विसरू नका. १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवारच का, यावर लोखंड्यांनी दिलेलं उत्तर सांगितलं जातं, की तो आमच्या खंडोबाचा वार आहे. साहेबाचं चर्च आणि आमचा जेजुरीचा देव एकाच वारावर बसवून त्यांनी सुट्टी आपली करून घेतली.

खंडोबा आलाच आहे तर चंपाषष्ठीबद्दल बोललंच पाहिजे, कारण खरी हिवाळी सुट्टी ती. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस. शेवटच्या दिवशी तळी भरायची: ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, भोवती माणसं बसतात आणि ‘येळकोट येळकोट’ म्हणत ताम्हन तीनदा उचलतात. नैवेद्याला वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि रोडगा. चातुर्मासात न खाल्लेलं वांगं इथं सुटतं. रोडग्याचं पीठ घट्टच मळावं लागतं. सैल झालं तर गोळा पसरतो आणि आतून कच्चा राहतो. गोवऱ्या पेटवल्या की लगेच गोळे टाकायचे नाहीत. ज्वाळ बसून लाल निखारा आणि वर राख धरेपर्यंत थांबायचं, नाहीतर वरून कोळसा, आत पीठ. भाजताना फिरवत राहायचं. वांग्याला आधी दोन-तीन टोचे मारायचे, नाहीतर वाफ कोंडून ते फुटतं. पेटवण्यापासून पान वाढेपर्यंत सगळी सकाळ जाते. सकाळी सातला दुसऱ्यांच्या चार घरी भांडी घासायला जाणाऱ्या बाईच्या चुलीवर हे कधी होणार? सणाचा पदार्थच सांगतो की अर्ध्या दिवसाच्या सुट्टीत सण होत नाही.

खंडोबाची गाणी आज कुठल्याही लग्नात वाजतात. वाघ्या-मुरळीचा नाच मालिकेत, सिनेमात, रीलवर आहे. गाणी गोड आहेत आणि ती वाजावीत. पण मुरळी म्हणजे लहानपणी देवाला वाहिलेली मुलगी, आणि ही प्रथा बंद व्हावी म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी आयुष्यभर काम केलं. १९०८ मध्ये त्यांनी इथून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं आणि त्यात मुरळ्यांचा प्रश्न उघडपणे मांडला. अशा मुलींची लग्नं लावून देण्यात त्यांचा पुढाकार होता. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी लोकांना जमवणारे आणि १९२९ च्या पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहात उभे राहणारेही हेच कांबळे. १ जानेवारीला त्याच स्तंभाकडे, पेरणे फाट्याला जाणाऱ्या तरुण मंडळींना भीमगीतं पाठ असतात. कांबळ्यांचं नावही पाठ असायला हवं. करमणूक ज्यांच्या अंगावरून येते, त्यांची हकिगत गाण्याबरोबर यावी, एवढंच माझं मागणं आहे.

तसाच आजचा सांता. पंचवीस तारखेला मॉलच्या दारात लाल मखमली झगा आणि कापसाची दाढी लावून जो मुलगा चॉकलेटं वाटतो, तो बहुतेक वेळा मॉलचा नोकर नसतो. कार्यक्रम घेणाऱ्या ठेकेदारानं रोजावर आणलेला असतो. मांडव बांधणारे, साउंडची पोरं, केटरिंगचे वाढपी, सगळे असेच. डिसेंबर हा त्यांचा सर्वांत जास्त कामाचा महिना. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून सुट्टीचा हिशोबच सुरू होत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं आहेत. मग मूळ मुद्दा भराभर सांगतो. कृपया लिहून घ्या.

१९ डिसेंबर २०१७ पासून राज्यात दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा लागू झाला. त्यानं दुकान वर्षभर रोज उघडं ठेवायला मुभा दिली. पूर्वी दुकानाचा बंद दिवस सगळ्यांचा एकच असे. आता दुकान चालू आणि माणसं पाळीनं सुट्टीवर. साप्ताहिक सुट्टी सलग २४ तासांची हवी, हे पाहा. रात्रपाळी करून रविवारी सकाळी आठला सुटलेल्याला सोमवारी सहाला बोलावलं तर ते २२ तासच झाले. वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, तिमाहीला जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात. सगळ्यांनी त्या डिसेंबरासाठी साठवल्या की शेवटच्या आठवड्यात नकार मिळतो आणि रजा जाते. प्रत्येक तिमाहीत दोन वापरत चला. २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागं एक अर्जित रजा मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठते.

आता ते चार दिवस. भरपगारी सणाच्या सुट्ट्या आठ. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी त्या मालक एकटाच ठरवतो, कारण कुणी विचारत नाही. डिसेंबरात एकत्र बसा. प्रत्येकाकडून त्याचे दिवस लिहून घ्या: १४ एप्रिल, ईद, नाताळ, चंपाषष्ठी, ६ डिसेंबर, जे असेल ते. हात वर करून मतदान घेऊ नका. वीस जणांत एकच ख्रिस्ती किंवा दोनच बौद्ध असले तर त्यांचा दिवस दर वर्षी पडेल. दोन दिवस सगळ्यांचे आणि दोन ज्याचे त्याचे, असा तोडगा मालकापुढं ठेवा. अर्ज दोन प्रतींत, तारीख घालून; एका प्रतीवर पोच घ्या. त्या दिवशी कामाला बोलावलंच तर बदल्यात काय, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. ठरलेली यादी सूचनाफलकावर लागली पाहिजे. अडलं तर कामगार उपायुक्त कार्यालयात जा, पोच दिलेली प्रत बरोबर ठेवा.

लहान दुकानांना यातलं बरंच लागू होत नाही आणि घरकामगार बायकांना तर काहीच नाही. त्यांच्यासाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण त्यात सुट्टीचा हक्क नाही. मात्र याच शहरात १९८० साली मोलकरणींनी संप करून पगारवाढ, भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस मागितला, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हा इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी कामाला बाई येतात, त्यांनी या महिन्यात त्यांना विचारावं: ताई, पुढच्या वर्षी तुमचे चार दिवस कुठले? आणि ते कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहावेत, पगार न कापता. नमुना अर्जाच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना दोन-दोन घेऊन जा.