स्टार फेरी, टेम्पल स्ट्रीट आणि मागे सरकलेला समुद्र

नमस्कार मंडळी, आज मी तुम्हाला हाँगकाँगमधली एक संध्याकाळ सांगणारे. उंच बिल्डिंगा, मॉल, शॉपिंग हे सगळं तुम्ही खूपदा ऐकलं असेल, त्यात मी शिरत नाही. मला सांगायचंय ते एका बोटीबद्दल, एका रात्रीच्या बाजाराबद्दल आणि त्या दोन्हींच्या मधून हळूहळू मागे सरकलेल्या समुद्राबद्दल.

बोटीचं नाव स्टार फेरी. हाँगकाँग बेटावर सेंट्रलला सात नंबरचा धक्का आहे, तिथून निघते आणि व्हिक्टोरिया हार्बर ओलांडून समोर कौलूनला, त्सिम शा त्सुईला लागते, आठ-दहा मिनिटांचा प्रवास. मी आणि माझी धाकटी बहीण दिवे लागायच्या वेळेला धक्क्यावर पोचलो, तिकिटाऐवजी चालणारं ऑक्टोपस कार्ड टेकवलं आणि वरच्या डेकवर गेलो. हिरवी-पांढरी जुनी बोट, लाकडी बाकं, बसायच्या फळीला बारीक भोकं पाडून चांदणी काढलेली, आणि बाकाची पाठ मागेपुढे पलटवता येते, कारण या बोटीला पुढचं टोक मागचं टोक असं काही नसतंच, दोन्हीकडून सारखी, ती वळत नाही, आली तशीच परत जाते, मग आपणच पाठ पलटवायची आणि जायच्या दिशेला तोंड करून बसायचं. आमच्या पुढे एक आजी आल्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने न बघताच खटकन पाठ फिरवली आणि बसल्या. किती वर्षांची सवय असेल ती!

आणि आता ऐका हं. 1888 साली ही फेरी कंपनी ज्यांनी उभी केली त्यांचं नाव दोराबजी नवरोजी मिठाईवाला. मुंबईहून तिकडे गेलेले पारशी! बहिणीला हे सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच झाली, मग म्हणाली, ताई, म्हणजे ही आपल्याकडच्याच माणसाची बोट की गं. पुढे 1898 मध्ये कंपनीचं नाव स्टार फेरी झालं, बोटींची नावंही तशीच, मॉर्निंग स्टार, सेलेस्टियल स्टार, ट्विंकलिंग स्टार. कौलूनला उतरलात की जवळच मोदी रोड लागतो, तोही मुंबईच्याच होरमसजी मोदींच्या नावाचा, हाँगकाँग युनिव्हर्सिटी उभी राहिली त्यात त्यांची मोठी देणगी आहे.

या बोटीबद्दल तिथल्या लोकांना किती वाटतं ते 1966 मध्ये दिसलं. वरच्या वर्गाचं भाडं पाच सेंटनी वाढणार होतं, 20 चे 25, एक तरुण मुलगा धक्क्यावर उपोषणाला बसला, त्याला अटक झाली आणि मग कौलूनमध्ये रात्री दंगली झाल्या. 1972 ला समुद्राखालून गाड्यांचा बोगदा झाला, 1980 ला मेट्रोही पाण्याखालून पलीकडे गेली, तरी ही बोट चालूच आहे आणि घरी जाणारी माणसं अजून तिच्यात बसतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोट धक्क्याला लागताना मात्र नक्की बघा. निळ्या खलाशी कपड्यातला एक काका लांब काठीच्या आकड्याने मनगटापेक्षा जाड दोर ओढून घेतो, खुंटाला वेढे टाकतो, दोर करकर वाजत ताणला जातो, बोट थोडी हिसका देते आणि फळी धाडकन खाली येते. कुठे घाई नाही.

धक्क्याशेजारी 44 मीटर उंच घड्याळाचा टॉवर आहे, 1915 चा. तिथे रेल्वेचं मोठं स्टेशन होतं, ते पाडलं, टॉवर तेवढा ठेवला. आठ वाजता समोरच्या बिल्डिंगांवर लायटिंगचा शो होतो, तो थोडा बघितला आणि आम्ही नेथन रोडने कौलूनमधल्याच जॉर्डन नावाच्या भागाच्या दिशेने चालायला लागलो, कारण जायचं होतं टेम्पल स्ट्रीटला.

टेम्पल म्हणजे तिन हाऊचं देऊळ, ही समुद्राची देवी, कोळ्यांना आणि खलाशांना सांभाळणारी. देवळासमोर वडाच्या जातीची जुनी झाडं आहेत, खाली म्हातारी माणसं चिनी बुद्धिबळ मांडून बसलेली, भोवती बघणारे, आपल्या गावच्या पारासारखंच अगदी. आत छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली, धूर डोळ्यात जातो. हे देऊळ एकेकाळी पाण्याजवळ होतं, देवी समुद्राकडे बघत होती. मग भराव पडत गेला, आणखी भराव, आणि आज तिच्यापुढे नुसत्या इमारती आहेत, समुद्र कुठच्या कुठे गेला. तिथे उभं राहून मला खरंच वाईट वाटलं. सेंट्रलला 2006 मध्ये फेरीचा जुना धक्का पाडला तोही भरावासाठीच, लोकांनी विरोध केला, हार्बर वाचवायचा कायदा 1997 पासून होता, तरी धक्का गेला आणि बोटीची वाट तेवढी आखूड झाली.

देवळाच्या बाजूने बाजार सुरू होतो. पिवळ्या बल्बांखाली घड्याळं, पाकिटं, जेडचे दागिने, भाव कॅल्क्युलेटरवर दाखवतात, आपण आपला आकडा दाबायचा, मग पुन्हा तो, अशी घासाघीस. पुढे ज्योतिष्यांचे छोटे तंबू, हात बघणारे, चेहरा बघणारे, आणि एकाकडे चक्क पिंजऱ्यातला पक्षी, तो बाहेर येऊन चोचीने चिठ्ठी काढतो, आपल्याकडे पोपटवाला असायचा ना तसाच! एका कोपऱ्यात एक बाई कँटोनीज ऑपेरातलं गाणं म्हणत होत्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहा-बारा म्हातारे मन लावून ऐकत होते.

जेवलो ते मातीच्या भांड्यातला भात. भांडं कोळशावर, आत तांदूळ, वर चिनी सॉसेजचे काप, झाकण काढलं की वाफ तोंडावर येते, सोया सॉस ओतला की चर्र आवाज होतो, आणि खरी मजा तळाच्या खरवडीत. बहिणीने चमच्याने ती खरवडून खरवडून काढली, आजीकडे आम्ही भाताच्या टोपासाठी भांडायचो ते दोघींनाही एकदम आठवलं.

परतताना मुद्दाम खालच्या डेकवर बसलो. तिथे इंजिनची धडधड पायात येते, डिझेलचा वास येतो आणि पाणी इतकं जवळ की शिंतोडे उडतात. बहीण म्हणाली, देवीला आता समुद्र दिसत नाही, पण निदान ऐकू तरी येत असेल का गं? मी काही बोलले नाही. बोट हलली, तिने बाकाची पाठ पलटवली नव्हती, ती तशीच कौलूनकडे बघत बसली, आणि मीही मग तिच्याशेजारी तशीच बसले, पार सेंट्रल येईपर्यंत.