पन्नास हर्ट्झचा मारिओ

(पडद्यावर: 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा. मारिओ सुरुवातीच्या जागीच उभा आहे. वर उजवीकडे वेळेचा आकडा, ४००.)

मारिओला हलवू नका. रिमोट खाली ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि वरचा आकडा ४०० वरून ३०० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. या गेममध्ये दर २४ फ्रेमनंतर एक आकडा उतरतो (फ्रेम म्हणजे पडद्यावर काढलेलं एक चित्र). शंभर आकडे उतरायला २,४०० फ्रेम लागतात. जपान-अमेरिकेतलं गेमचं यंत्र सेकंदाला साधारण ६० फ्रेम काढतं, म्हणून तिथे हे काम ४० सेकंदांत होतं. तुमच्या स्टॉपवॉचवर ४८ आले, तर तुमच्यासमोरचं यंत्र पन्नास हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम काढणारं आहे.

जुने गेम खेळून ते थेट दाखवायचे असतील, तर पहिली मोजणी ही. माइक, कॅमेरा, रंगीत दिवे हे सगळं नंतर.

निन्टेन्डो कंपनीचं फॅमिकॉम हे गेमचं यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. आपल्याकडे घरोघरी पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी नावं, ६० पिनांच्या कॅसेट, आणि एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणारी रंगीत स्टिकरं. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा चित्र काढणारे. त्यासाठी बनलेल्या नकलेवर साठ हर्ट्झसाठी लिहिलेला गेम एक षष्ठांशाने मंद चालतो. नव्वदच्या दशकातला 'कॉन्ट्रा' ज्यांच्या बोटांत बसलाय, त्यांना आज कॉम्प्युटरवर तोच गेम लावला की तो पळतोय असं वाटतं, ते यामुळेच. बोटं विसरलेली नाहीत, गेमच वेगळ्या गतीने चाललाय.

एम्युलेटरवरून, म्हणजे जुन्या यंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरून, तीच जुनी चाल दाखवायची असेल, तर एफसीईयूएक्स किंवा मेसेन उघडा आणि 'रिजन'मध्ये 'डेंडी' निवडा. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या नकलेचं नाव. शेजारीच 'पाल' हा पर्याय असतो आणि बरेच जण तोच घेतात. पण इथे पाल म्हणजे निन्टेन्डोचं अधिकृत युरोपी यंत्र. त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा, तर डेंडीचा १.७७, म्हणजे जपानी यंत्राच्या १.७९ च्या अगदी जवळचा. आवाजाची पट्टी प्रोसेसरच्या गतीवर ठरते आणि संगीताची लय फ्रेमच्या गतीवर. म्हणून डेंडीमध्ये लय संथ होते पण सूर जवळपास जागेवर राहतो. पालमध्ये सूरही खाली येतो. कान तयार असलेला प्रेक्षक हे पहिल्या दहा सेकंदांत ओळखतो.

(पडद्यावर: ओबीएस. सेटिंग्ज, व्हिडिओ, एफपीएस.)

आता ओबीएस, म्हणजे पडद्यावरचं चित्र रेकॉर्ड करणारा आणि थेट दाखवणारा प्रोग्राम. इथे बहुतेकांचं एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ६० वर असतं. पन्नास हर्ट्झचं यंत्र जोडलंत, तर प्रत्येक पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवून ओबीएस साठचा हिशोब पुरा करतं. स्थिर चित्रात काही कळत नाही. मारिओ पळायला लागला, पार्श्वभूमी सरकायला लागली, की मात्र बारीक हिसके दिसतात. प्रेक्षक म्हणतो, नेट खराब आहे. नेटचा काही दोष नसतो. 'कॉमन एफपीएस'च्या जागी 'इंटिजर एफपीएस' निवडून ५० लिहा, हिसके जातात.

साठवाल्या यंत्राचा नेमका वेग सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम आहे. म्हणजे दर दहा सेकंदांना एक फ्रेम जास्त होते आणि यंत्राचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं कॅप्चर कार्ड ती टाकून देतं. ही मात्र कुणालाच दिसत नाही, तिच्यामागे लागू नका.

तीस एफपीएसचा मोह टाळा. कारण बघायचं असेल तर मारिओला मोठा करून एखाद्या गुंबाला, म्हणजे चालत येणाऱ्या शत्रूला, बाजूने धडकवा. तो लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकतो. जुन्या गेमांत अशी लुकलुक बऱ्याचदा एक फ्रेम चित्र, एक फ्रेम रिकामं, अशी असते. स्ट्रीम (थेट दाखवलेला खेळ) तीसची असेल तर दर दोनातली एक फ्रेम गळते, आणि नेमकी चित्रवाली गळली तर पात्र अख्खं गायब होतं. खेळणाऱ्याला ते दिसत असतं, बघणाऱ्याला नाही. मग चॅटमध्ये प्रश्न सुरू होतात.

एका लुकलुकीला मात्र हात लावू नका. या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं काढता येत नाहीत. 'कॉन्ट्रा'मध्ये दोघं खेळत असतील, गोळ्या सुटत असतील, की गेम पाळीपाळीने एकेक चित्र सोडून देतो. ती थरथर मूळ यंत्राचीच आहे. काही एम्युलेटरांत ही मर्यादा काढून टाकायची सोय असते. चित्र स्वच्छ दिसतं, पण 'असं नव्हतं हो' म्हणणारा कुणीतरी भेटतोच, आणि त्याचं बरोबर असतं.

(पडद्यावर: खरं यंत्र. पिवळी पिन, पांढरी पिन.)

खरं यंत्र जोडायचं तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा यूएसबी डोंगल. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वरखाली गडगडायला लागलं, तर केबल बदलण्याआधी डोंगलच्या सेटिंगमध्ये 'व्हिडिओ स्टँडर्ड' बघा. तिथे एनटीएससी, म्हणजे जपान-अमेरिकेची साठ हर्ट्झची पद्धत असेल. 'पाल बी' करा.

त्यानंतरही हलत्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतील. टीव्हीच्या कार्यक्रमात एक पूर्ण चित्र दोन अर्ध्यांत येतं, आधी विषम ओळी, मग सम. जुना गेम असं करत नाही. तो दर वेळी पूर्ण चित्र त्याच ओळींवर काढतो. डोंगलला हे कळत नाही. तो सलग दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणतो, आणि पन्नासाची पंचवीस करून टाकतो. मग ओबीएसमध्ये काहीही बदललंत तरी हरवलेली चित्रं परत येत नाहीत. स्वस्तातल्या एव्ही-टू-एचडीएमआय डब्यांचंही बहुधा हेच होतं, वर खेळताना उशीरही जाणवतो. यावर इलाज म्हणजे रेट्रोटिंकसारखं ओळी दुप्पट करणारं यंत्र आणि त्यापुढे एचडीएमआयचं कॅप्चर कार्ड. ओएसएससी हे यंत्रही नावाजलेलं आहे, पण मूळ ओएसएससीला पिवळ्या पिनेची सोय नाही. आपल्या नकलांना तर तीच एक वाट. घेण्याआधी मागची भोकं मोजा.

खेळणाऱ्याने ओबीएसच्या खिडकीत बघून खेळू नये, तिथलं चित्र मागे असतं. टीव्ही वेगळा हवा. त्यासाठी एकाचे दोन फाटे करणारी साधी वाय केबल लावली तर दोन्हीकडे चित्र अंधारतं, कारण एकाच सिग्नलवर ७५ ओमचे दोन भार येतात. वीज लागणारा एव्ही स्प्लिटर घ्या. 'डक हंट' या गेमची बदकं मारायची बंदूक वापरायची असेल तर तो टीव्ही डबा टीव्हीच लागतो. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटवतो, आणि त्या क्षणी बंदुकीला उजेड मिळाला का ते बघतो. सपाट टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतो, आणि त्याचा उजेडही बंदुकीला ओळखता येईल असा नसतो. नेम कितीही धरा, बदक सुटलं की हसणारा गेममधला कुत्रा हसणारच.

आवाज. या यंत्रांना एकच पांढरी पिन असते, म्हणून हेडफोन लावलेल्या प्रेक्षकाला सगळा आवाज डाव्या कानात येतो. ओबीएसच्या 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये त्या सोर्ससमोर 'मोनो'वर टिचकी मारा. खाली सतत घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. विंडोजमध्ये आणि ओबीएसमध्ये दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एकीकडे ४४.१ राहिलं तर लांब स्ट्रीममध्ये काही वेळा आवाज हळूहळू सरकतो. सुरुवातीपासूनच आवाज पुढेमागे असेल, तर मारिओला उडी मारायला लावून रेकॉर्ड करा आणि उडीनंतर किती फ्रेमने आवाज येतो ते मोजा. पन्नास हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद. चार फ्रेमचा फरक आला तर 'सिंक ऑफसेट' ८०. पण आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तरच. मागे असेल तर उणे ८०.

(पडद्यावर: चौकट वाढत जाते, आकडे उमटतात.)

चित्राचा आकार. यंत्राच्या चित्रात २४० ओळी. ७२० ला २४० ने भागलं की बरोबर ३ येतात, प्रत्येक ठिपका तिप्पट, सगळे सारखे उंच. १०८० ला भागलं की साडेचार. मग काही ठिपके चार ओळींचे, काही पाचांचे, आणि पार्श्वभूमी सरकताना विटा आकसतात-फुगतात. त्यासाठी वरून १२ आणि खालून १२ ओळी कापा. उरल्या २१६, गुणिले ५, बरोबर १०८०. जुने टीव्ही कडेच्या ओळी झाकतच होते, त्यामुळे सहसा काही महत्त्वाचं जात नाही. पण आकडे अगदी कडेला असलेला गेम असेल तर आधी बघून घ्या. रुंदीला २५६ ठिपके, आणि ठिपका चौरस नाही, साठवाल्या यंत्रात आठास सात असा आडवा आहे, म्हणून रुंदी १,४६३ ठेवा. सोर्सवर उजवी टिचकी, 'स्केल फिल्टरिंग', 'पॉइंट'. हे एम्युलेटरच्या स्वच्छ चित्राला लागू. पिवळ्या पिनेतून आलेल्या चित्रात ठिपक्यांच्या कडा आधीच विरघळलेल्या असतात, तिथे 'पॉइंट'ने काही हाती लागत नाही.

(पडद्यावर: गेम बॉय. पत्त्यांचा डाव.)

पत्त्यांच्या गेमांत वेगाची चिंता कमी. तिथे प्रश्न अक्षरांचा आणि गुपिताचा.

गेम बॉय कलरवरचा 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम' जपानमध्ये १९९८ मध्ये आला, अमेरिकेत २०००मध्ये. साठ पत्त्यांचा डेक, सहापर्यंत बक्षीसपत्ते, आठ क्लबांचे आठ उस्ताद आणि त्यांच्यानंतर चार महाउस्ताद. चित्र अवघं १६० बाय १४४. सातपट केलं की १,१२० बाय १,००८. म्हणजे १९२० च्या पडद्यावर बाजूला ८०० ठिपके मोकळे मिळतात, आणि ती जागा सोन्याची आहे. तिथे डेकमधली पत्त्यांची यादी ठेवा. या गेममध्ये नाणं सतत उडतं, आणि छाप-काट्याची मोजदाद तिथेच लिहिली तर प्रेक्षक ती गेमपेक्षा जास्त आवडीने बघतात. समोर कॉम्प्युटर खेळतोय, त्यामुळे लपवायचं काही नाही. पुढचा पत्ता कोणता टाकायचा हे चॅटला खुशाल विचारा.

जुन्या कॅसेटवरून खेळत असाल तर एक सांभाळा. सेव्ह आतल्या बटण सेलच्या जिवावर टिकतं, आणि सेल काढला की सेव्ह जातं. आधी कार्ट्रिज रीडरने (कॅसेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाने) त्याची प्रत काढा, मग सेलला हात लावा. चालू होत नसलेल्या कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, तोंडाची ओल धातूच्या पट्ट्यांवर बसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि वाळू द्या.

'हर्थस्टोन' हा ऑनलाइन पत्त्यांचा गेम २०१४ मध्ये आला. इथे समोर माणूस असतो, आणि तो तुमचीच स्ट्रीम दुसऱ्या खिडकीत लावून तुमच्या हातातले पत्ते बघू शकतो. उपाय: ओबीएस, 'अॅडव्हान्स्ड', 'स्ट्रीम डिले', म्हणजे स्ट्रीम मुद्दाम उशिरा दाखवणं. किती ठेवायचा? एका पाळीला ७५ सेकंद. दोघांनी पूर्ण वेळ घेतला तर एक फेरी १५० सेकंदांची, म्हणून अडीच मिनिटं. सेकंदाला ६,००० किलोबिटच्या स्ट्रीमला यासाठी सुमारे ११३ एमबी मेमरी लागते, ती अडचण नाही. अडचण ही की चॅटचं उत्तर अडीच मिनिटांनी येतं. तेव्हा खेळी कशी करू, हे विचारण्यात अर्थ नाही. झालेल्या खेळीवर बोला.

पाच-पाच फेऱ्या हातात राहणारा पत्ता डिलेनेही लपत नाही. काही जण हातावर चित्र झाकून ठेवतात. ते आम्हाला पटत नाही. प्रेक्षक आलेला असतो तो सातांतला एक पत्ता कसा निवडता ते बघायला, आणि नेमकं तेच झाकलं तर उरतं काय? त्यापेक्षा महत्त्वाच्या पत्त्यावर माऊस दोन सेकंद धरा, तो मोठा होतो, आणि त्यावरचा मजकूर मराठीत सांगा. मोबाइलवर बघणाऱ्याला ती अक्षरं एरवी वाचता येत नाहीत. 'डिस्प्ले कॅप्चर' लावू नका, 'गेम कॅप्चर' लावा. नाहीतर कोपऱ्यात आलेला बँकेचा ओटीपी सगळ्यांना दिसतो.

(पडद्यावर: ओबीएसची 'स्टॅट्स' खिडकी.)

स्ट्रीम अडखळली की ही खिडकी उघडा. 'ड्रॉप्ड फ्रेम्स' वाढत असतील तर दोष नेटचा, बिटरेट (सेकंदाला पाठवायचे किलोबिट) उतरवा. 'एन्कोडिंग लॅग' असेल तर प्रोसेसर दमलाय, 'रेंडरिंग लॅग' असेल तर ग्राफिक्स कार्ड. तिन्ही शून्य असूनही हिसके असतील, तर पुन्हा पन्नास-साठचा हिशोब तपासा.

आणि लाइट जाते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. साधी एमपी-फोर फाइल नीट बंद झाली नाही तर उघडतच नाही. एमकेव्ही लाइट जाईपर्यंतचं सगळं देते. नंतर ओबीएसच्या 'फाइल' मेन्यूतून 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' करून तिची एमपी-फोर बनवा. दर्जा तसाच राहतो, आणि तासाभराच्या फाइललाही फारसा वेळ लागत नाही.