आधी आत, मग खाली

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय टेलिहँडलरबद्दल. आतबाहेर सरकणारा लांब हात, म्हणजे बूम, आणि त्याच्या टोकाला माल उचलणारे दांडे, म्हणजे फोर्क, असलेली ही गाडी विटांचे पॅलेट थेट तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर नेऊन ठेवते. जेसीबीने 1977 मध्ये आपली लोडऑल बाजारात आणली, ती याच जातीची.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन बायाबापड्या कोसभर चालतात. तीच हात लांब करून धरा, चार पावलांत खांदा भरून येतो. वजन तेवढंच, अंतर वाढलं. टेलिहँडलरचंही तसंच. पुढची चाकं हा पहारीखालचा टेकू. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला गाडीचं स्वतःचं वजन. गाडीच्या पाटीवर लिहिलेले 3 टन बूम आत घेतलेला असतानाचे. पूर्ण बाहेर काढल्यावर कित्येक गाड्या त्याच्या निम्मंही पेलत नाहीत. किती पेलेल, ते केबिनमधला लोड चार्ट सांगतो.

मला खरी धास्ती वाटते ती माल खाली आणताना. समजा, 8 मीटर बाहेर काढलेला बूम 60 अंशांवर उभा आहे. त्याचं आडवं अंतर 4 मीटर. न आवरता तो तसाच आडवा केलात, तर 8 मीटर! वीट एकही वाढली नाही, पण मागची चाकं हलकी होऊ लागतात. म्हणून, ऑपरेटर दादांनो, आधी बूम आत घ्या, मग खाली. धोक्याचा भोंगा वाजला तरी हेच करायचं. भोंगा बंद करणारा ऑपरेटर मला कितीही अनुभवी असला तरी नको.

जमीनही बघा. खाली दोन बोटांचा उतार असला, तर वर फोर्क हातभर कलतो. भरावाची माती, पावसाने भिजलेली काळी जमीन यावर गाडीला आधार देणाऱ्या जॅकखाली जाड फळ्या हव्यातच. आणि विजेच्या तारा कुठून गेल्यात, हे बूम वर करण्याआधी पाहून ठेवा.

गाडी चालवताना बूम आत, फोर्क जमिनीलगत.

बिगारी भावांनो, तुमच्यासाठी एकच. पॅलेट स्लॅबवर टेकून फोर्क मोकळे होईपर्यंत खालून जाऊ नका, आणि वरच्यांनी विटांना हात लावू नका. सिग्नल देणारा माणूस एकच असावा, आणि तो ऑपरेटरला सतत दिसावा. तो दिसेनासा झाला, की काम तिथेच थांबवायचं.