स्वरयंत्रातली चामखीळ

नमस्कार श्रोतेहो. अणुकेंद्राचं भौतिकशास्त्र, आवाजाची शस्त्रक्रिया आणि रेणूजीवशास्त्र या तीन विषयांतली माणसं एरवी एकमेकांच्या दारात फिरकत नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळा वेगळ्या, परिषदा वेगळ्या, भाषाही वेगळी. पण गेल्या शतकात एका चामखिळीनं या तिघांना एकत्र आणलं. त्यातून जे हाती लागलं, त्यावर आज जगभरच्या बायकांचे जीव वाचताहेत. त्या चामखिळीबद्दल आज बोलायचं आहे.

हातावर, मानेवर येते ती साधी चामखीळ ही नाही. ही येते स्वरयंत्रात, थेट स्वरतंतूंवर. मोठ्या माणसांनाही होते, पण तिचा खरा जाच सोसतात ती लहान मुलं. दोन-तीन वर्षांचं मूल रडतं आणि रडणं घोगरं येतं. सर्दी असेल, आवाज बसला असेल म्हणून घरचे आठ दिवस थांबतात, मग महिना थांबतात. पुढे श्वास घेताना घुरघुर ऐकू येऊ लागते आणि दम्याचं औषध सुरू होतं. पंपानं काही फरक पडत नाही, कारण अडथळा छातीत नसतोच, गळ्यात असतो. अखेर कुणीतरी कान-नाक-घशाचा डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालतो आणि स्वरतंतूंवर गुलाबी, दाणेदार वाढ दिसते. या आजाराला डॉक्टर रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस म्हणतात. त्यातला 'रिकरंट' हा शब्द आईबापांना फार लवकर कळतो. वाढ काढली की काही आठवड्यांत, काही महिन्यांत पुन्हा येते. काही मुलांच्या वाट्याला शाळेत जायच्या आधीच कितीतरी शस्त्रक्रिया येतात.

ही शस्त्रक्रिया किती नाजूक, ते जरा डोळ्यांसमोर आणा. लहान मुलाचे स्वरतंतू काही मिलिमीटर लांबीचे. ज्या वाटेनं त्याला श्वास घ्यायचा, त्याच वाटेत सर्जनला काम करायचं आणि त्याच वाटेनं भूलतज्ज्ञाला प्राणवायू पोचवायचा. स्वरतंतू हा एकसंध स्नायू नसतो, हे जपानच्या मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. आत स्नायू, बाहेर पातळ आवरण आणि मधे जेलीसारखा मऊ थर. आवाज तयार होतो तो आवरण त्या मऊ थरावरून लहरत राहतं म्हणून. मोठ्या बाईच्या गळ्यात ते सेकंदाला साधारण दोनशे वेळा लहरतं. सर्जनच्या हातून तो थर दुखावला की तिथे व्रण धरतो आणि आवाज कायमचा जातो. म्हणून या चामखिळी मुळासकट खरवडून काढता येत नाहीत. आवाज जपायचा तर वरवर काढायच्या, आणि काढल्या तरी त्या पुन्हा येणार. सर्जनची ही कोंडी अजून पुरती सुटलेली नाही.

हत्यारं मात्र सुधारली. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर तयार केला. त्याचा किरण पाण्यात फार पटकन शोषला जातो. आपल्या पेशींमध्ये बहुतांश पाणीच, त्यामुळे हा किरण वरचा थर उडवतो आणि खोलवर जात नाही. १९७२ मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको या डॉक्टरांनी त्यानं स्वरयंत्रात शस्त्रक्रिया केल्या. पुण्यात शिकलेल्या इंजिनिअरच्या कामाचा असा उपयोग झाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

किरणोत्सर्गाशी या आजाराची पहिली गाठ पडली ती मात्र वाईट होती. एकेकाळी या मुलांच्या गळ्याला रेडिएशन देत. चामखिळी कमी व्हायच्याही. पण त्यातल्या काही मुलांना पुढे त्याच जागी कर्करोग झाला, आणि तो उपचार बंद करावा लागला. तेच किरण मोठ्या माणसाच्या स्वरयंत्राच्या कर्करोगावर मात्र उपकारक ठरतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात स्वरयंत्राचा कर्करोग बराच वाढलेले ३३२ रुग्ण होते. निम्म्यांचं स्वरयंत्र काढलं आणि मग रेडिएशन दिलं, उरलेल्यांना आधी औषधं आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सारखेच, ६८ टक्के रुग्ण जिवंत होते. पण दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत राहिलं. जीव वाचवायचा तर आवाज सोडावाच लागेल, ही समजूत तिथून ढिली झाली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेलं भाभाट्रॉन हे कोबाल्टचं यंत्र अशाच रेडिएशनसाठी आहे.

आता मुळाकडे येऊ. ही चामखीळ होते कशानं? १९२३ मध्ये उलमान नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या गळ्यातली वाढ कुटून तिचा अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला. काही काळानं तिथे चामखिळी उगवल्या. म्हणजे हे संसर्गानं होतं, एवढं कळलं. पण कशाच्या संसर्गानं, ते कळायला पुढे जवळजवळ साठ वर्षं जावी लागली. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. तो वाढवता येत नसेल तर त्याचा डीएनए शोधायचा, एवढा एकच रस्ता उरला होता. आणि तो रस्ता अणुभट्टीतून जात होता.

कसा, ते सांगतो. गंधकावर अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा केला की गंधकाच्या केंद्रात एक न्यूट्रॉन शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर पडतो. उरतो तो फॉस्फरस-३२, म्हणजे किरणोत्सर्गी फॉस्फरस. डीएनएचा कणा फॉस्फेटचा असतो. म्हणून हा फॉस्फरस घालून डीएनएचा तुकडा तयार केला, तर रसायनाच्या दृष्टीनं तो साध्या तुकड्यासारखाच वागतो. फक्त जिथे असेल तिथून बीटा किरण सोडत राहतो. असा तुकडा रुग्णाच्या डीएनएवर सोडायचा. त्याच्याशी जुळणारा क्रम तिथे असला तर तो चिकटून बसतो, नसला तर धुऊन जातो. मग अंधाऱ्या खोलीत त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवायची, डबी बंद करायची आणि उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यायची. कधी एक रात्र, कधी आठवडा. फिल्म धुतली की कोऱ्या पट्टीवर एक काळी रेघ उमटलेली दिसते. ती रेघ म्हणजे विषाणू.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना आठवत असेल, फॉस्फरस-३२ दर १४ दिवसांनी निम्मा होतो, म्हणून त्याचं पार्सल कधी येणार यावर प्रयोगाचं वेळापत्रक ठरायचं. समोर शिशाऐवजी जाड अ‍ॅक्रिलिकचा पडदा लागायचा, कारण शिशात बीटा किरण एकदम अडले की त्यातून एक्स-रे निघतात. आणि काम संपलं की टेबलावरून, हातमोज्यांवरून किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर फिरवायचा. रेणूजीवशास्त्राची एक सबंध पिढी अशी अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रावर वाढली.

हेराल्ड त्सुर हाउझेन हे जर्मन संशोधक त्याच काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण शोधत होते. तो नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूमुळे होतो, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. त्सुर हाउझेन यांचा संशय पॅपिलोमा विषाणूवर, म्हणजे एचपीव्हीवर होता. त्यांच्या गटानं जननेंद्रियावरच्या चामखिळीतून आधी एचपीव्ही-६ वेगळा काढला. मग त्याच्या आधारानं लहान मुलांना होते तशा स्वरयंत्रातल्या चामखिळीचा डीएनए तपासला, आणि १९८२ मध्ये तिथे त्याचा जवळचा नातलग सापडला, एचपीव्ही-११. हाच तुकडा त्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या नमुन्यांवर सोडला, तोही मुद्दाम सैल अटींवर. लग्नाच्या पंगतीत पत्रिका न बघता दूरच्या भाऊबंदांनाही बसू द्यावं, तसे तंतोतंत न जुळणारे क्रमही चिकटू दिले. त्यातून १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ सापडला आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोघांमुळे होतात. भारतात या कर्करोगानं दरवर्षी ७०,००० हून जास्त बायका जातात. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

थोडं थांबून हे पाहा. गळ्यातून काढलेली, एरवी फेकून दिली असती अशी वाढ कुणा सर्जननं प्रयोगशाळेत पाठवली, आणि बायकांच्या कर्करोगाचा माग तिच्यातून लागला.

गळ्यातली चामखीळ परत परत का येते, याचं उत्तरही याच तंत्रानं दिलं. अमेरिकेत बेटी स्टाइनबर्ग यांच्या गटानं १९८३ मध्ये दाखवलं की आजार शांत असताना, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या स्वरयंत्राच्या त्वचेतही विषाणूचा डीएनए दडलेला असतो. म्हणून चामखीळ परत येते. सर्जनचा हात कमी पडला म्हणून ती येत नाही, आणि आईबापांनी काही हयगय केली म्हणूनही नाही.

आपल्याकडे शास्त्रांच्या या भिंती पाडायचं भान होमी भाभांना होतं. गणित आणि भौतिकशास्त्राचं माहेरघर असलेल्या मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्यांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी या तरुणाला रेणूजीवशास्त्राचा विभाग उभारायला बोलावलं. सिद्दिकींचं नाव सुचवलं होतं लिओ झिलार्ड यांनी. अणुविखंडनाच्या साखळी अभिक्रियेची कल्पना ज्यांना सुचली, तेच हे झिलार्ड. महायुद्धानंतर ते स्वतः जीवशास्त्राकडे वळले होते. त्याच वर्षी टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आलं.

विषाणू कळल्यावर लस आली. ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जिआन झोऊ यांनी १९९१ मध्ये विषाणूचं नुसतं रिकामं कवच तयार करून दाखवलं. आत डीएनए नाही, म्हणून रोग नाही. पण शरीराला ओळख पटते. चार प्रकारांवरची, ६, ११, १६ आणि १८ वरची लस २००६ मध्ये बाजारात आली. ऑस्ट्रेलियानं २००७ पासून शाळकरी मुलींना ती फुकट दिली. त्या मुली पुढे आया झाल्या. मुलाला हा संसर्ग बहुधा जन्माच्या वेळी आईकडून होतो, त्यामुळे आईच सुरक्षित असली की मूलही सुरक्षित. २०१२ मध्ये तिथे गळ्यातल्या चामखिळीची सात नवी मुलं नोंदली गेली, २०१६ मध्ये एक. त्या पाच वर्षांत आजार झालेल्या मुलांपैकी एकाच्याही आईनं गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली, तीही याच चार प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वर्षांच्या मुलींना तशीच मुलांनाही देता येते. आपल्याकडे या लसीची ओळख 'गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस' एवढीच करून दिली जाते. ते खरंच आहे. पण ६ आणि ११ हे दोन आकडे तिच्यात कशासाठी आहेत, हे आईबापांना कुणीतरी सांगायला हवं. गळ्यातली चामखीळ ६ आणि ११ मुळे होते, त्यामुळे फक्त १६ आणि १८ वर असलेल्या लसीनं तिच्यापासून रक्षण होत नाही. लस घेताना ती किती प्रकारांवर आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ज्यांना आजार झालेलाच आहे त्यांच्यासाठीही दार किलकिलं झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मोठ्या रुग्णांसाठी पहिलं औषध मंजूर झालं. गोरिलाच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून ते शरीराला एचपीव्ही-६ आणि ११ शी लढायला शिकवतं. चाचणीतल्या ३५ रुग्णांपैकी १८ जणांना पुढे वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. लहान मुलांसाठी ते अजून मंजूर नाही.

म्हणून तुमच्या घरात, शेजारात एखादं मूल तीन-चार आठवडे घोगरं रडत असेल, बोलताना आवाज फुटत नसेल, दम्याच्या पंपानं फरक पडत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या आणि 'एकदा स्वरयंत्र बघा' असं स्पष्ट म्हणा. नाकातून दुर्बीण घालून बघायला काही मिनिटं लागतात. आणि श्वास घेताना मुलाच्या गळ्याखालची खळगी आत ओढली जात असेल, तर वाट बघू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.