‘कपॅसिटी’ वाढते तेव्हा शरीरात काय होतं?

(पुण्यात व्यसनी रुग्णांच्या नातेवाइकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पेशंटला घेऊन आलेला भाऊ किंवा मेहुणा पुष्कळदा सांगतो, “डॉक्टर, याची कपॅसिटी दांडगी. अख्खा खंबा घेतला तरी सरळ चालतो.” हे ऐकलं की मला धडकी भरते. का, तेच आज सांगतो.

दारू मोडायचं काम मुख्यतः यकृताचं. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. दुसरं विकर त्याचं अ‍ॅसिटेट करतं. मधलं अ‍ॅसिटाल्डिहाइड विषारी. चीन-जपान-कोरियातल्या बऱ्याच लोकांत हे दुसरं विकर जन्मतः दुबळं असतं. थोडी घेतली तरी चेहरा लाल, छातीत धडधड. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी हेच विकर अडवते. आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे: ती गोळी कुणाच्याही भाजीत, चहात गुपचूप मिसळू नका. त्याला कल्पना नसते, तो पितो आणि रक्तदाब एकदम कोसळतो. माणूस दगावू शकतो. गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ते मोडायला यकृताला तास-सव्वा तास लागतो. लिंबू, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

रोज पिणाऱ्यात मात्र सीवायपी-२ई१ हे आणखी एक विकर वाढतं. दारू जरा लवकर मोडते, पण यकृताला इजा करणारे पदार्थही जास्त तयार होतात; अशा माणसाला पॅरासिटामॉलचा जास्त डोसही घातक ठरतो. खरी कपॅसिटी मात्र मेंदूत वाढते. दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू स्वतःला शांत करणारी गाबाची यंत्रणा मंदावतो आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेटची वाढवतो. मग तेवढाच परिणाम व्हायला जास्त दारू लागते. सरळ चालणारा तो माणूस आतून असा बदललेला असतो. व्यसन लागण्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात, तेव्हा ‘मनाचा कच्चा’ म्हणून त्याला हिणवू नका.

रिपोर्टवरही पूर्ण भिस्त ठेवू नका. एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची विकरं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल तर दारूचा संशय येतो, पण सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होण्याचा आजार, झालेल्याचे आकडेही कधीकधी नॉर्मल येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा माणसाला घरीच, शपथ घालून, दारू एकदम बंद करायला लावू नका. दारू थांबली तरी ग्लुटामेटचा जोर तसाच राहतो. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. हा जीवघेणा प्रकार औषधांनी टाळता येतो. आपल्या पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून मदत कुठे मागायची हा प्रश्न इथे तरी उरलेला नाही. रुग्णाला कुठेही न्या, पण शेवटचा घोट कधी घेतला, रोज किती घेतो आणि पूर्वी फिट आली होती का, हे डॉक्टरांना आधी सांगा. लाजेपोटी कमी सांगू नका. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.