आतड्याच्या भिंतीपाशी

पडद्यावर दिसतेय ती आतड्याची आतली भिंत. पेशींचा एकच थर, त्यावर चिकट श्लेष्माचा लेप. थराच्या एका बाजूला जिवाणू. माणसाच्या अंगावर आणि अंगात मिळून ते सुमारे 38 लाख कोटी असावेत, त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. दुसऱ्या बाजूला प्रतिकारशक्तीची सर्वांत मोठी छावणी. इतका खेटून शेजार असताना रोज लढाई पेटत नाही, हेच नवल.

न पेटण्यामागे जिवाणूंचाही हात आहे. आपल्याला न पचलेले तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. ते आतड्याच्या पेशींना इंधन पुरवतं, शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी घडायला मदत करतं. हा आवर सुटला की शरीर स्वतःवरच उलटतं: कुठे सांध्यांवर, कुठे स्वादुपिंडावर, कुठे मज्जातंतूंवर.

जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजार घ्या. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू पोटात जातो, जुलाब होतात, थांबतातही. एक-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, मग पाय उचलेनासे होतात. या जिवाणूच्या आवरणावरची शर्करा आपल्या नसांवरच्या शर्करेसारखी दिसते. जिवाणूसाठी बनलेली प्रतिपिंडं नसांवर तुटून पडतात.

पण हा झाला आगंतुक. कायमच्या बिऱ्हाडकरूंचं काय? संधिवाताची प्रवृत्ती असलेले काही उंदीर जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवले, तर त्यांचा आजार सौम्य राहिला. 2010 साली त्यांच्या आतड्यात एकाच जातीचा, धाग्यासारखा जिवाणू सोडला, आणि सांधे सुजले. 2017 साली संशोधकांनी एकसारखी जुळी भावंडं शोधली. प्रत्येक जोडीत एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस (प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार), दुसरं निरोगी. दोघांच्या मलातले जिवाणू उंदरांना दिले. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत मेंदूचा तसाच आजार जास्त दिसला.

माणसात मात्र प्रकरण इतकं सरळ नाही. 2013 साली नव्यानं संधिवात झालेल्या रुग्णांत प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू जास्त आढळला, पण तो कितीतरी धडधाकट लोकांतही असतो. शिवाय आजार आतडं बदलतो, औषधंही बदलतात. ‘आतडं सुधारा, संधिवात पळवा’ म्हणून प्रोबायोटिक, म्हणजे ‘चांगले’ जिवाणू, विकणाऱ्यांना ही अडचण कधी पडत नाही. त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करणं महागात पडतं.

आणि ही साधी गोळी, सल्फासलाझिन. स्वीडनच्या डॉक्टर नन्ना स्वार्ट्झ यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर संधिवातासाठी ती वापरात आणली. गोळी मोठ्या आतड्यापर्यंत बरीचशी अख्खी पोहोचते. तिथले जिवाणू ती फोडून दोन औषधं मोकळी करतात. संधिवातावरचं दुसरं औषध, मेथोट्रेक्सेट, एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला नाही. त्यामागेही हेच जिवाणू आहेत का, हे उपचार सुरू होण्याआधी घेतलेल्या मलाच्या नमुन्यांवरून आता तपासलं जातंय.